रायपूरचा उन्हाळा आणि ब्याऐंशी अंशांची जीप

मागच्या लेखात रतनपूरला जाऊन बिंबाजी भोसल्यांच्या खुणा पाहिल्याचं लिहिलं होतं. आजही इतिहासच आहे, फक्त तो गडकिल्ल्यांचा नाही. मुठीत मावेल एवढ्या एका पितळी वस्तूचा आहे. ईएमईवाल्यांना शीर्षक वाचूनच अंदाज आला असेल. बाकीच्यांनी थोडा धीर धरावा, शेवटी केशकाल घाट आहे.

रायपुरात मराठी माणूस शोधावा लागत नाही. भोसल्यांच्या काळापासूनची घराणी आहेत, रेल्वेबरोबर आलेली आहेत, भिलाईच्या पोलाद कारखान्याबरोबर आलेली आहेत. गणपतीत महाराष्ट्र मंडळात गेलो होतो, तेव्हा पंच्याहत्तरीकडे झुकलेल्या एका गृहस्थांनी माझे केस आणि बूट पाहून विचारलं, "कोणती आर्म, साहेब?" ते स्वतः इन्फन्ट्रीतले ड्रायव्हर, हवालदार म्हणून पेन्शनीत आलेले. एकाहत्तरच्या लढाईत त्यांनी १०६ मिलिमीटर आरसीएल तोफेची जीप चालवली आहे. वयाने ते वडिलांच्या जागी, म्हणून मी त्यांना काका म्हणतो. रँकने मी सुभेदार, म्हणून ते मला साहेब म्हणतात. यात दोघांपैकी अजून कोणीच माघार घेतलेली नाही.

काकांचं घर जुन्या रायपुरात, बूढा तालाबाच्या बाजूला. अंगणात ताडपत्रीखाली महिंद्राची सीजे-थ्री-बी जीप. पेट्रोल इंजिन, चार सिलिंडर, हरिकेन. लिलावातून घेतलेली डिस्पोजलची गाडी. गेल्या दिवाळीला त्यांनी इंजिन पूर्ण करून घेतलं. रीबोअर, पिस्टन, रिंगा, क्रँक ग्राइंडिंग, सगळं. पेन्शनीतून साठवलेले पैसे त्यात गेले. काकूंना खरा आकडा अजून माहीत नाही, त्यामुळे इथेही लिहीत नाही.

थंडीभर जीप छान चालली. मार्चमध्ये धमतरीकडे जाताना अभनपूरच्या पुढे उकळली. गॅरेजवाल्याने थर्मोस्टॅट काढून टाकला आणि पाण्याची वाट मोकळी केली. एप्रिलमध्ये पुन्हा उकळली. आता तो म्हणत होता, हेड पुन्हा उतरवावं लागेल. काकांचा मुलगा म्हणत होता, विकून टाका. हायवेवरच्या एका ढाब्याला दारात उभी करायला जुनी जीप हवीच होती, आत कुंड्या ठेवणार होते. काकांना मात्र ती एकदा जगदलपूरला न्यायची होती. तिथे त्यांची धाकटी बहीण आहे. "दादा जीप घेऊन येतो" हे ती दहा वर्षं ऐकते आहे.

काका मला म्हणाले, "साहेब, तुम्ही फक्त एक सांगा. किती डिग्रीचा थर्मोस्टॅट बसवू? दुकानदार म्हणतो, इथल्या गर्मीत एकाहत्तरचा बसवा. मिस्त्री म्हणतो, बसवूच नका. पुस्तकात ब्याऐंशी आहे. तीन माणसं, तीन आकडे."

मी लगेच उत्तर दिलं नाही. याच प्रश्नावर मी एकदा चुकलो आहे आणि त्याची किंमत दुसऱ्याने मोजली आहे.

ती हकिगत आधी सांगतो. मी १९९५ ला भरती झालो, सिकंदराबादच्या ईएमई सेंटरमधून व्हेइकल मेकॅनिक होऊन निघालो. १९९७ च्या उन्हाळ्यात आम्ही बबिनाला होतो. झाशीच्या बाजूचा तो उन्हाळा ज्यांनी काढला आहे त्यांना वर्णन नको. युनिटकडे जोंगा होत्या. निसान पेट्रोलचा तो अवतार जबलपूरच्या कारखान्यात १९९९ पर्यंत बनत होता. मोठं सहा सिलिंडरचं पेट्रोल इंजिन, जवळजवळ चार लिटरचं. दोन-तीन गाड्या रेंजवर उकळल्या. वरिष्ठांपैकी एक जण म्हणाले, काढून टाका रे ते थर्मोस्टॅट, गरम देशात त्याचं काय काम. मला ते पटलं. मी एका दुपारी पाच गाड्यांचे काढले आणि त्याचा अभिमानही वाटला.

त्याच वर्षी युनिट लडाखला गेलं. नव्या पसाऱ्यात ते पाच थर्मोस्टॅट कोणाच्या लक्षात राहिले नाहीत. माझ्याही नाही. डिसेंबरात ड्रायव्हर तक्रार करायला लागले की इंजिन तापतच नाही, चोक आत ढकलला की बंद पडतं. आम्ही रेडिएटरपुढे पुठ्ठे लावले. त्यातली एक गाडी एका संध्याकाळी खिंडीच्या अलीकडे बंद पडली. प्लग काळे आणि ओले, ऑइलमध्ये पेट्रोल उतरलेलं, स्टार्टर मारून मारून बॅटरी बसलेली. ड्रायव्हर आपल्या नगर जिल्ह्यातला, माझ्याच वयाचा. रात्रभर गाडीत बसून होता. सकाळी रिकव्हरी पोचली. त्याच्या उजव्या पायाची दोन बोटं गेली.

चौकशीत थंडी, उंची, जुनी बॅटरी अशी कारणं लिहिली गेली. तीही खोटी नव्हती. पण हाउसिंग उघडल्यावर आतली रिकामी जागा मी पाहिली होती. ती कोणी रिकामी केली, तेही मला ठाऊक होतं. त्यानंतर मी या वस्तूबद्दल मिळेल ते वाचत गेलो.

आता ती वस्तू काय करते ते बघू. इंजिनातून रेडिएटरकडे जाणाऱ्या पाण्याच्या वाटेवर ती दरवाजासारखी बसते. इंजिन गार असताना दरवाजा बंद. पाणी इंजिनातच फिरतं आणि लवकर तापतं. ठरलेल्या अंशाला दरवाजा किलकिला होतो, आणखी दहा-बारा अंश चढले की पूर्ण उघडतो. वर छापलेला आकडा उघडायला सुरुवात होण्याचा असतो, पूर्ण उघडण्याचा नाही. इथेच निम्मे गैरसमज सुरू होतात. दुसरी गोष्ट त्याहून महत्त्वाची. दरवाजा एकदा पूर्ण उघडला की थर्मोस्टॅटचं काम संपतं. त्यापुढे पाणी किती तापायचं ते रेडिएटर, पंखा आणि बाहेरची हवा ठरवतात. म्हणजे थर्मोस्टॅट इंजिनाला किमान किती तापायचं ते सांगतो. जास्तीत जास्त किती, ते त्याच्या हातात नाही.

सुरुवातीच्या मोटारींत हा दरवाजा नव्हताच. हेन्री फोर्डच्या मॉडेल टीमध्ये गरम पाणी आपोआप वर चढतं आणि गार पाणी खाली येतं, एवढ्यावरच काम चालायचं. १९१४ मध्ये कॅडिलॅकने आठ सिलिंडरचं व्ही इंजिन काढलं, त्यात पाण्याच्या फिरण्यावर थर्मोस्टॅटचा ताबा होता. तिथून ही गोष्ट हळूहळू सगळ्या गाड्यांत आली. पहिले थर्मोस्टॅट भात्याचे असत. अमेरिकेत नॉक्सव्हिलला वेस्टन फुल्टन नावाचा हवामान खात्यातला माणूस होता. त्याने सांधा नसलेला पातळ धातूचा घडीचा भाता बनवला. अशा भात्यात चटकन वाफ होणारा द्रव भरायचा. तापला की भाता लांबतो आणि झडप उचलतो. मेणाचा थर्मोस्टॅट नंतरचा. १९३० च्या दशकात सर्जियस व्हर्ने याने तो आणला. पितळी वाटीत मेण भरलेलं, मेण वितळताना फुगतं आणि दांडा ढकलतं. रेडिएटरची झाकणं दाबाची झाली तसा भाता मागे पडला, कारण पाण्याचा दाब वाढला की भाता दबतो आणि उशिरा उघडतो. मेणाला त्या दाबाचं काही वाटत नाही. आज दुकानात मिळतो तो मेणाचाच.

आता एकाहत्तरचा आकडा. हे कळलं तेव्हा मला हसू आलं होतं.

एकाहत्तर अंश सेल्सिअस म्हणजे १६० फॅरनहाइट. अमेरिकेच्या थंडीत रेडिएटरचं पाणी गोठून इंजिनाचा ब्लॉक फुटायचा. म्हणून लोक पाण्यात अल्कोहोल मिसळायचे. ते स्वस्त पडायचं, पण मेथनॉल ६५ अंशांच्या आसपास उकळतं. इंजिन जरा तापलं की अल्कोहोल वाफ होऊन उडून जायचं आणि उरलेलं पाणी रात्री गोठायचं. म्हणून अल्कोहोल वापरणाऱ्यांनी कमी अंशाचा थर्मोस्टॅट बसवायचा, म्हणजे इंजिन जरा गारच राहील आणि अल्कोहोल टिकेल. १९२७ पासून प्रेस्टोन या नावाने इथिलीन ग्लायकॉल बाजारात आलं. ते १९७ अंशांपर्यंत उकळत नाही. ते वापरणाऱ्यांसाठी १८० फॅरनहाइटचा, म्हणजे ब्याऐंशीचा थर्मोस्टॅट. कॅटलॉगमध्ये दोन्ही आकडे शेजारी शेजारी राहिले. पुढे अल्कोहोल गेलं, आकडा उरला. आपल्याकडे 'कमी अंश म्हणजे गार इंजिन' असा सरळ अर्थ लावून तो उन्हाळ्याचा थर्मोस्टॅट झाला. बर्फाच्या मुलखातल्या अडचणीसाठी जन्मलेला आकडा रायपूरच्या दुकानदाराने काकांना मे महिन्यासाठी दिला होता.

महायुद्धातल्या विलीज जीपचा थर्मोस्टॅटही बराच लवकर, पासष्टच्या आसपास उघडायला लागायचा. तिचं रेडिएटरचं झाकण जेमतेम ४ पौंड दाबाचं होतं, त्यामुळे उकळण्याआधीची मोकळीक कमी. नंतरच्या सिव्हिल जीपमध्ये आकडा वर गेला. १९७० च्या दशकात धुराचे कायदे आले तशा अमेरिकन गाड्या ९० च्या घरात पोचल्या. म्हणजे साठ वर्षांत हा आकडा चढतच गेला. यामागे नुसती फॅशन नव्हती. १९३० च्या दशकात इंग्लंडच्या ऑटोमोबाइल इंजिनिअर्सच्या संस्थेत सी. जी. विल्यम्स यांनी सिलिंडर का झिजतात याचा अभ्यास केला. तोवर समज असा की घासल्याने झिजतात. त्यांना दिसलं की मोठं नुकसान गार इंजिनात होतं. पेट्रोल जळताना पाण्याची वाफ आणि आम्लं तयार होतात. सिलिंडरची भिंत गार असेल तर ती तिथे दव धरल्यासारखी बसतात आणि लोखंड खातात. भिंत गरम असेल तर तशीच धुराड्यातून निघून जातात. लडाखमधल्या त्या पाच जोंगांची इंजिनं पुढे उघडली तेव्हा मी ती खाल्लेली भिंत बोटाने चाचपली आहे.

रायपूरला हे कसं लागू पडतं? काकांच्या ओसरीवर मी कॅलेंडरच्या मागच्या कोऱ्या बाजूला हिशेब मांडला. ढोबळ आहे, पण ड्रायव्हर माणसाला पटणारा. समजा सपाट रस्त्यावर, नेहमीच्या वेगाला, चांगला रेडिएटर बाहेरच्या हवेपेक्षा पाणी ४५ अंश गरम ठेवून इंजिनाची सगळी उष्णता बाहेर टाकू शकतो. जानेवारीत सकाळी हवा १५ अंश. दरवाजा सतत उघडा असेल, किंवा नसेलच, तर पाणी ६० वर थांबेल. इंजिन कधीच नीट तापणार नाही. ब्याऐंशीचा बसवला तर तो दरवाजा ओढून धरील आणि ब्याऐंशीच्या जरा वर ठेवील. आता मे महिना, हवा ४५. पाणी ९०. एकाहत्तरचा बसवला असेल तर तो उघडलेला. ब्याऐंशीचा असेल तर तोही बहुतेक उघडलेला. बसवलाच नसेल तरी नव्वदच. तिन्ही आकड्यांना मे महिन्यात काटा जवळजवळ एकाच जागी.

काका कॅलेंडरकडे बघत राहिले. मग म्हणाले, "म्हणजे उन्हाळ्यात तिघांचं भांडण फुकटच."

फुकटच. भांडण असलं तर ते जानेवारीचं. आणि जीप उकळली ती थर्मोस्टॅटच्या अंशामुळे नाही, रेडिएटर उष्णता टाकत नव्हता म्हणून. तोच हिशेब उलटा करा. रेडिएटर निम्मा बुजला असेल तर ४५ च्या जागी ८० अंशांचा फरक लागेल. जानेवारीत १५ आणि ८० मिळून ९५, चालून जातं, कोणाला कळतही नाही. मार्चच्या दुपारी ३६ आणि ८० मिळून ११६. जीपला ७ पौंडाचं झाकण आहे. रायपूर समुद्रसपाटीपासून जेमतेम ३०० मीटरवर, त्यामुळे या झाकणाखाली पाणी ११० च्या आसपास उकळणार. अभनपूरच्या पुढे नेमकं तेच झालं होतं.

या ठिकाणी वाळवंटातल्या लोकांची आठवण काढल्याशिवाय पुढे जाववत नाही. १९४० मध्ये राल्फ बॅग्नोल्ड या इंग्रज मेजरने लिबियाच्या वाळवंटात लांब पल्ल्याचं गस्ती दल उभं केलं, लाँग रेंज डेझर्ट ग्रुप. आपल्या घोडदळाच्या रेजिमेंटांतून पुढे इंडियन लाँग रेंज स्क्वाड्रनही त्याच धर्तीवर उभी राहिली. तिथे पाणी रक्तापेक्षा महाग. रेडिएटर उकळला की वाफ नळीतून बाहेर जाऊन वाळूत मिळायची. बॅग्नोल्डने ती नळी गाडीला बांधलेल्या पाण्याच्या डब्यात सोडली. वाफ डब्यात गार होऊन पाणी व्हायची आणि इंजिन थंडावलं की तेच पाणी रेडिएटर परत ओढून घ्यायचा. आजच्या गाडीतली प्लास्टिकची कूलंट बाटली तेच काम करते. पुढे वाळवंटातल्या जीपवाल्यांनी पुढच्या जाळीच्या पट्ट्या कापून हवेला जास्त वाट करून दिली. आपल्यासारख्याच उन्हात काम करणारी ही माणसं हवा आणि पाणी यांच्या मागे लागली.

मीही त्याच मार्गाने गेलो. रविवारी सकाळी काकांकडे हत्यारं घेऊन हजर. रेडिएटर उतरवून उलटा धरला आणि पाणी सोडलं तर ते खालच्या कोपऱ्यातून नुसतं ठिबकत होतं. बोअरच्या पाण्याचे क्षार नळ्यांत दगडासारखे जमलेले. ब्लॉकचा कॉक उघडला, पाणी आलंच नाही. तारेने टोचल्यावर वीटकरी चिखल बाहेर आला. इंजिन नवं केलं तेव्हा सिलिंडर बोअर झाले, पण पाण्याचे रस्ते कोणी धुतले नव्हते. टाटीबंधच्या बाजूला ट्रकवाल्यांच्या गॅरेजांमध्ये रेडिएटरची टाकी उघडून नळ्यांत पट्टी घालून साफ करणारा एक म्हातारा कारागीर आहे. त्याने दोन दिवस घेतले. मी तोवर ब्लॉक दोन्ही बाजूंनी पाणी मारून धुतला, पंख्याचा पट्टा ताणला आणि टायमिंग तपासलं. ते जरा मागे होतं, तेही इंजिन तापवतं.

मग थर्मोस्टॅटची परीक्षा. काकूंकडे दुधाचं जुनं पातेलं मागितलं. "दुधाचं नाही मिळणार, हे डाळीचं घ्या," म्हणाल्या. गॅसवर पाणी, त्यात दोऱ्याने टांगलेले तीन थर्मोस्टॅट, भांड्याच्या बुडाला टेकू न देता, आणि बाजूला थर्मामीटर. एक दुकानदाराचा एकाहत्तरचा, एक नवा ब्याऐंशीचा, आणि तिसरा गॅरेजवाल्याने काढलेला जुना, जो काकांनी सवयीने डब्यात ठेवला होता. जुना माणूस नट टाकत नाही.

एकाहत्तरचा बहात्तरला उघडला. ब्याऐंशीचा एक्क्याऐंशी-ब्याऐंशीला हलला आणि चौऱ्याण्णवपर्यंत पूर्ण उघडला. जुना नव्वदलाही झोपलेला. शहाण्णवला कसाबसा एका बाजूने उचलला गेला आणि तिथेच अडकला. हे मला अपेक्षित नव्हतं. म्हणजे गॅरेजवाल्याने तो काढला हे अगदी बरोबर केलं होतं. चूक त्याच्या जागी दुसरा न बसवण्यात होती. मी मनात त्याला बरंच काही बोललो होतो, ते परत घेतलं. पुढे भेटलो तेव्हा चहाही पाजला. तो म्हणाला, "साहब, यहाँ सब यही बोलते हैं, निकाल दो. मेरे उस्ताद ने भी यही सिखाया." बबिनाला मलाही हेच शिकवलं होतं, हे मी त्याला सांगितलं.

थर्मोस्टॅट काढल्याने पाणी इतकं जोरात पळतं की रेडिएटरमध्ये गार व्हायला त्याला वेळच मिळत नाही, असं काही उस्ताद सांगतात. काढू नये हे खरं, पण हे कारण खरं नाही. पाणी जास्त फिरलं तर उष्णता जास्तच निघते. खरी अडचण वेगळी आहे. बऱ्याच इंजिनांत थर्मोस्टॅट उघडताना पाण्याची आतली आडवाटही बंद करतो. तो काढला की ती आडवाट कायम उघडी राहते आणि पाण्याचा एक वाटा रेडिएटरला टाळून परत इंजिनात जातो. अशा इंजिनात काढल्याने उन्हाळ्यात उलट जास्त तापतं. म्हणून काढण्याआधी आपलं इंजिन कोणत्या जातीचं आहे ते तरी बघावं.

ब्याऐंशीचा बसवला. मेणाची वाटी इंजिनाच्या बाजूला, उलटी बसवली तर तिला गरम पाणी लागतच नाही. पट्टीत हवेचं छिद्र नव्हतं, म्हणून तीन मिलिमीटरचं पाडलं. ते छिद्र वरच्या अंगाला ठेवायचं, नाहीतर भरताना आत हवा अडकते आणि पहिल्याच दिवशी काटा वर जातो. बोअरच्या पाण्याला रजा. डिस्टिल्ड पाणी आणि ग्लायकॉलचं कूलंट. रायपुरात काही गोठत नाही, पण त्यातलं गंजरोधक हवंच. जुना तापमापक खोटं बोलत होता, तो काढून आकडे दाखवणारा यांत्रिक मीटर लावला.

काका म्हणाले, "आणि समजा तुमचा हिशेब चुकला तर?" पुन्हा इंजिन उघडायला त्यांच्याकडे पैसे नव्हते, हे दोघांनाही माहीत होतं. मी म्हटलं, "शंभरच्या वर काटा गेला तर मी गाडी थांबवीन, तुम्ही रागवायचं नाही." तेव्हाच मी त्यांना लडाखची गोष्ट सांगितली. सगळी सांगितली, पाच गाड्या कोणी उघडल्या तेही. ड्रायव्हर माणूस, त्यांनी पायाच्या बोटांबद्दल काही विचारलं नाही. "त्या पोराला सांगितलंत का?" एवढंच विचारलं. सांगितलं नव्हतं.

मे महिन्याच्या तिसऱ्या आठवड्यात पहाटे चारला निघालो. अभनपूर, कुरुद, धमतरी, चारामा, कांकेर. स्टिअरिंगवर काका, शेजारी मी, मागे वीस लिटरचा पाण्याचा कॅन आणि काकूंनी दिलेल्या दशम्या. सपाटीवर काटा चौऱ्याऐंशी-पंच्याऐंशीला खिळलेला, पहाटेची हवा होती. कांकेर सोडलं तेव्हा ऊन चढलं होतं. केशकाल घाटाला तिकडे बारा भांवर म्हणतात, बारा वळणं. बस्तरच्या पठारावर चढायचा हाच रस्ता, आणि पुढे खनिजाने भरलेले ट्रक पहिल्या गिअरमध्ये रांगत असतात. म्हणजे वेग नाही, वारा नाही, इंजिनावर भार पूर्ण. जुन्या जीपसाठी यापेक्षा वाईट परीक्षा नाही.

तिसऱ्या वळणावर अठ्ठ्याऐंशी. सहाव्यावर त्र्याण्णव. तेलिन मातेच्या देवळापाशी ट्रकवाले थांबून नारळ फोडतात, तिथे रांग अडली आणि काटा सत्त्याण्णवला गेला. काका माझ्याकडे बघत नव्हते, मी मीटरवरून नजर हलवत नव्हतो. त्यांनी इंजिन बंद केलं नाही. न्यूट्रलला घालून जरा ॲक्सिलरेटर देऊन पंखा फिरता ठेवला. एकाहत्तरच्या लढाईतला ड्रायव्हर आहे, हे मी सांगायची गरज नव्हती. काटा पंच्याण्णववर आला. ट्रक हलला. वर पोचल्यावर एकदाचा वारा लागला आणि दोन किलोमीटरमध्ये काटा परत सत्त्याऐंशी.

पाण्याचा कॅन जगदलपूरपर्यंत उघडावा लागला नाही. तिथे बहिणीने दारात जीपलाच आधी ओवाळलं, आम्हाला नंतर. परतीला भर दुपारी धमतरीच्या सपाटीवर चव्वेचाळीस अंशांच्या हवेत काटा नव्वदीच्या जरा वर होता. माझ्या कॅलेंडरवरच्या आकड्याच्या इतक्या जवळ की काकांनी ते पान फाडून जीपच्या कागदपत्रांत ठेवलं आहे.

घरी आल्यावर नगरच्या त्या ड्रायव्हरचा नंबर युनिटच्या जुन्या ग्रुपवरून मिळवला. सत्तावीस-अठ्ठावीस वर्षांनी फोन. तो आता दुधाचा टेम्पो चालवतो. मी सगळं सांगितलं. तो बराच वेळ काही बोलला नाही. मग म्हणाला, "मला वाटायचं मीच चोक जास्त ओढला." इतकी वर्षं तो तेच धरून बसला होता. नंतर आम्ही अर्धा तास बोललो, बरंचसं टेम्पोबद्दल. त्याच्या टेम्पोचा थर्मोस्टॅटही कोणीतरी काढून ठेवला आहे.

या जानेवारीत एका सकाळी काकांकडे गेलो तेव्हा अंगणात बारा-तेरा अंश होते, रायपूरच्या मानाने चांगलीच थंडी. त्यांनी जीप सुरू केली, सहा-सात मिनिटांत चोक पूर्ण आत ढकलला, इंजिन एकसारखं चालत राहिलं. बूढा तालाबाला एक चक्कर मारून आलो. काटा त्र्याऐंशीवर होता. एकाहत्तरचा तो थर्मोस्टॅट काकूंनी कागदावर ठेवायचं वजन म्हणून घेतला आहे, वर्तमानपत्र उडू नये म्हणून.